लेथसकट आलेले घरजावई

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, टर्नर. पंप बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर लोखंडाचे दांडे कातण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. माझे बाबा सुतार. घराला लागूनच त्यांची पत्र्याची शेड. तिथे दारं, कपाटं, टेबलं बनायची. एकाचं लोखंड, दुसऱ्याचं लाकूड. त्यामुळे सासरे-जावयांचं कधी वाजलं नाही, पण फार मेतकूटही जमलं नाही. भाऊजी घरी आले की दोघं शेडच्या दारात खुर्च्या टाकून बसत आणि एकमेकांच्या खोड्या काढत.

"तुमचं बरं आहे, जावईबापू," बाबा म्हणायचे. "मशीन फिरतं, तुम्ही नुसतं उभं राहायचं."

"तुमचं त्याहून बरं, मामा. चुकलं की भुसा आणि सरस भरायचा, वरून पॉलिश मारायचं. आमच्याकडे केसभर चुकलं तर माल भंगारात."

ताई दोघांच्या मध्ये चहाचा ट्रे ठेवून म्हणायची, "दोघंही एवढे कारागीर, आणि माझ्या घरातलं स्टूल अजून डुगडुगतंय."

भाऊजींनी एक जुना लेथ विकत घेऊन ठेवला होता. नोकरी संपली की घरच्या घरी कामं घ्यायची, असा बेत. लेथ तसा लहानच, पण बाहेरच्या खोलीचा निम्मा भाग त्याने खाल्ला. ताईने त्याच्यावर जुना पडदा टाकला, वर इस्त्रीचे कपडे रचले, आणि कुणी नवीन पाहुणा आला की ओळख करून द्यायची, "ही माझी सवत. बोलत नाही, पण हलतही नाही." भाऊजी हसायचे नाहीत. कानापर्यंत लाल व्हायचे.

ताई गेली ती एका दुपारी. कापडाच्या दुकानात नोकरीला होती. कापड मोजता मोजता डोकं धरून खाली बसली, ती उठलीच नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मूलबाळ नव्हतं. माझी आई त्याआधीच गेलेली. हॉस्पिटलच्या लांब बाकड्यावर बाबा आणि भाऊजी बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी त्या जागेत जाऊन बसले आणि दोघांच्या वाटचं रडले. ते दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते.

भाऊजी लवकरच कामावर गेले. लोकांना ते खटकलं. मला वाटलं, बरं झालं, माणूस कामात राहील तर सावरेल. पण एक दिवस कारखान्यात भलतंच घडलं. लेथवर दांडा ज्यात पकडतात त्याला चक म्हणतात, आणि तो चावीने आवळतात. आवळून झाल्यावर चावी आधी काढायची, मग मशीन सुरू करायचं. नाहीतर चावी गोळीसारखी उडते. नवीन माणूस आला की भाऊजी त्याला पहिलं हेच शिकवायचे, "चावी चकमध्ये असेपर्यंत हात सोडायचा नाही. हात काढायचा तो चावीसकट." त्या दिवशी त्यांनीच चावी तशीच ठेवून बटण दाबलं. चावी शेजारच्या माणसाच्या कानाजवळून गेली आणि लोखंडी कपाटाला खड्डा पाडून खाली पडली.

कुणाला लागलं नाही. भाऊजींनी मशीन बंद केलं, चावी उचलली, जागेवर ठेवली आणि सुपरवायझरला जाऊन सांगितलं, "मला मशीन देऊ नका." त्याने रजा दिली. रजा संपली तरी भाऊजी परत गेले नाहीत.

मी औषधांच्या दुकानात काम करते. येता-जाता त्यांच्याकडे डोकावायचे. दार नुसतं लोटलेलं असायचं. भाऊजी खुर्चीवर बसलेले, समोर पडदा टाकलेला लेथ. आदल्या दिवशीचा डबा तसाच झाकलेला. "जेवला नाहीत?" विचारलं की म्हणायचे, "जेवतो." तो डबा मी परत न्यायचे, दुसरा ठेवायचे. शेवटी मी बाबांना सांगितलं, "तुम्ही एकदा जाऊन या. मला काही सुचत नाही."

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर आले. मला वाटलं होतं, ते खांद्यावर हात ठेवतील, चार शब्द समजुतीचे बोलतील. त्यांनी चप्पल काढली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, माझ्या बाकड्याचा वाइस गेलाय. स्क्रूचे आटे झिजलेत. लाकूड धरतच नाही."

तो वाइस, म्हणजे लाकूड पकडायचा शिकंजा, कित्येक वर्षांपासून असाच होता. बाबा पाचर मारून भागवत होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"बाजारात नवीन मिळतो," भाऊजी म्हणाले.

"माझ्या बाकड्याला बसत नाही."

भाऊजींनी लेथवरच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथे लेथ चालवला तर शेजारी ओरडतील."

"शेडमध्ये आणू."

लेथ हलवायला अख्खी सकाळ गेली. खाली लोखंडी पाइप घालून तो इंच इंच दारापर्यंत सरकवला. मागचा पाइप मोकळा झाला की मी उचलून पुढे ठेवायचे. टेम्पोवाला दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. शेडमध्ये लेथ उतरवल्यावर भाऊजींनी त्याच्यावर पाणसळ ठेवली, तर एक कोपरा खाली. बाबा लगेच लाकडाचे तुकडे घेऊन आले.

"लाकूड नको, मामा. दबतं. पोलादी पत्र्याच्या पट्ट्या हव्यात."

"एवढंसं खाली असलं तर काय बिघडतं?"

"बैठक पिळली की दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. मग टूल बदला, माणूस बदला, काही उपयोग नाही."

ताई गेल्यानंतर भाऊजी एवढं सलग पहिल्यांदाच बोलले होते. बाबा पट्ट्या शोधायला गेले.

दुपारी मी दोघांचा डबा घेऊन जाऊ लागले, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. भाऊजी काम करायचे आणि बाबा पाहुण्यासारखे उभे राहून विचारायचे. लोखंड कापणारं जे पातं, त्या टूलचं टोक दांड्याच्या बरोबर मध्याच्या उंचीला हवं, हे भाऊजींनी त्यांना करून दाखवलं. दांडा आणि टूल यांच्यामध्ये पोलादी पट्टी उभी धरायची आणि टूल हळूच पुढे आणून तिला चिमटीत धरल्यासारखं करायचं. पट्टी ताठ उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं डोकं आपल्याकडे कललं तर टूल खाली आहे, दांड्याकडे कललं तर वर. "आणि टूल पकडीतून जेमतेम बाहेर काढायचं. जितकं लांब काढाल तितकं थरथरतं. थरथरलं की कामावर लाटा उमटतात."

बाबांनी मान डोलावली. दोन दिवसांनी भाऊजींनी आटे पाडायला घेतले. अर्धे आटे झाले आणि टूल आत रुतलं. करकचून आवाज झाला, दांडा वाकला. भाऊजींनी मशीन थांबवलं. बाबा वाकून बघत म्हणाले, "टूल केवढं बाहेर काढलंय. तुम्हीच म्हणाला होता ना, जेमतेम काढायचं."

"हो."

"मग?"

"लक्ष नव्हतं."

बाबांनी पुढे विचारलं नाही. वाकलेला दांडा भिंतीला टेकवून ठेवला आणि नवीन आणायला स्वतः बाजारात गेले.

दुसरा स्क्रू नीट झाला. त्याला बरेच दिवस लागले. भाऊजी ब्रशने तेल सोडत, थोडं थोडं कापत. अगदीच हलका हातही ते देत नसत. हात फार हलका झाला तर टूल कापत नाही, घासतं, आणि घासून बोथट होतं, असं त्यांचं म्हणणं. नट त्यांनी मुद्दाम गनमेटलचा, लोखंडाहून मऊ धातूचा, केला. "झिजायचं तर नट झिजू दे, मामा. नट बदलणं सोपं असतं." वाइस बसवला तेव्हा बाबांनी त्यात एक फळी धरून पाहिली, सोडली, पुन्हा धरली. म्हणाले, "धरतो." भाऊजी म्हणाले, "हं." एवढाच समारंभ.

काम संपलं, तरी भाऊजी घरी जायची भाषा करेनात. शेडमागच्या फळ्यांच्या खोलीत त्यांनी पथारी टाकली. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, घर नुसतं बंद ठेवलंय. मी झाडून देऊ का?"

"लेथ काढल्यापासून तिथे आवाज घुमतो," ते म्हणाले. "खोकलं तरी घुमतो."

आम्ही त्यांना बाहेर काढायला म्हणून लेथ हलवला होता, आणि त्या लेथबरोबर त्या खोलीत उरलेलं घरही हललं होतं. महिनाअखेरीला त्यांनी ती जागा सोडली. ताईच्या कपड्यांच्या दोन पेट्या माझ्याकडे आल्या, डुगडुगणारं स्टूल बाबांकडे. बाबांनी ते एका संध्याकाळी सुटं करून त्याचे पाय नव्याने बसवले आणि फळ्यांच्या खोलीत ठेवलं. भाऊजी त्यावर कंगवा आणि पाण्याचा तांब्या ठेवतात.

गल्लीत थट्टा व्हायचीच. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "बायको गेल्यावर घरजावई झालेला हा पहिलाच माणूस. तोही लेथसकट." बाबांनी ते जसंच्या तसं जेवताना सांगितलं. सांगताना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पेपरातली बातमी सांगावी तसं. भाऊजी म्हणाले, "खरं आहे." आणि पाण्याचा पेला भरून घेतला. मीच एकटी हसले, आणि हसता हसता डोळे भरले म्हणून ताटं उचलून आत गेले.

लाकूड आणि लोखंड एका छपराखाली नांदणं सोपं नसतं. लाकडाचा भुसा लेथच्या तेलात बसून चिखल व्हायचा. कातताना निघालेली लोखंडाची वळी बाबांच्या फळ्यांवर जाऊन रंध्याच्या पात्याला दाते पाडायची. एकदा भाऊजी ग्राइंडरवर टूलला धार लावत होते आणि ठिणगी भुशात पडली. ज्वाळा नाही, नुसता बारीक धूर. भाऊजींनी तो पायाने विझवला, वर बादलीभर पाणी ओतलं, आणि धार लावायला परत वळले, जसं काही कुणी मध्येच पत्ता विचारून गेलं. बाबांनी मात्र त्याच दिवशी ग्राइंडर बाहेर वळचणीखाली नेला आणि शेडच्या मधोमध प्लायचा आडोसा घातला. आडोशाला दार ठेवलं नाही. इकडून तिकडे जायचं तर बाहेरून वळसा घालून जावं लागे. भाऊजी तसे जाऊ लागले.

कारण आता त्यांना लाकूड शिकायचं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी त्यांना एक साधी चौकट करायला दिली. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात, आणि ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवायची. भाऊजींनी कुसू आणि खाच दोन्ही व्हर्नियरने मोजून तंतोतंत सारखी केली आणि मोगरीने ठोकायला लागले. चौथ्या-पाचव्या ठोक्याला खाचेचं लाकूड टोकापासून फाटलं.

"माप बरोबर होतं," ते म्हणाले.

"बरोबर होतं म्हणून तर फाटलं. व्हर्नियर ठेवा खिशात. कुसू हाताच्या जोराने निम्मं आत गेलं पाहिजे. उरलेलं मोगरीच्या टिचक्यांनी. आपल्याला घाम फुटला की समजायचं, आता लाकूडही फुटणार."

"आणि सैल झालं तर?"

"सैल होतं ते रेघ खाल्ल्यामुळे. करवत रेघेच्या बाहेरून चालवायची, टाकाऊ बाजूने. रेघ अर्धी तरी दिसत राहिली पाहिजे. मग पटाशीने हळूहळू तासत यायचं." खाच पाडतानाही बाबांचा असाच दंडक. पटाशी अर्ध्यापर्यंत एका बाजूने मारायची, मग लाकूड उलटून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलात तर मागचा पापुद्रा उडतो. "आणि फट राहिली तर सरस तिला भरत नाही. सरस फक्त चिकटवतो. हे मी तुम्हाला सांगतोय, भुसा भरणारा माणूस."

ते ऐकून भाऊजींच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. हसूच असावं, पण पटकन गेलं.

दुपारच्या जेवणात त्यांचं बोलणं हेच. बाबा सांगायचे, टेबलाचा माथा चौकटीला चारी बाजूंनी चिकटवायचा नाही, लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, त्याला सरकायला जागा ठेवायची, नाहीतर चिरतं. भाऊजी सांगायचे, तापलेल्या दांड्याचं माप घ्यायचं नाही, थंड झाला की तो बारीक होतो आणि माप चुकतं. मी मध्ये बसून वाट बघायचे, की आता तरी कुणी ताईचं नाव काढेल. कुणी काढलं नाही. वर्ष होऊन गेलं तरी नाही.

त्या सुमारास भाऊजींचे थोरले भाऊ आले. दुसऱ्या गावात राहतात, सरळ माणूस, मनात काही ठेवत नाहीत. शेडमध्येच खुर्ची ओढून बसले.

"तू किती दिवस असा राहणार? आम्हाला लोक विचारतात."

"काम आहे," भाऊजी म्हणाले.

"काम आमच्या गावातही आहे. तुझ्या वहिनीने एक स्थळ बघून ठेवलंय. चांगली बाई आहे, शाळेत नोकरी करते. नको तर नको, पण घरी तर चल. स्पष्टच बोलतो, ती गेली. आता तुझं इथे नातं काय?"

भाऊजी चिंधीला हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

थोरले भाऊ बाबांकडे वळले. "तुम्ही वडीलधारे. तुम्हीच समजवा. तुम्ही जा म्हणालात तर तो ऐकेल."

बाबांनी रंधा थांबवला, पात्यात अडकलेली लाकडाची साल ओढून काढली. "मी कसं म्हणू?" ते म्हणाले. "ते आमचे जावई आहेत. जावयाला जा म्हणता येत नाही."

थोरल्या भावांनी चहा घेतला, नवीन वाइस फिरवून पाहिला, चांगला झालाय म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. स्थळाचा विषय पुन्हा निघाला नाही. ती शाळेतली बाई पुढे दुसरीकडे सुखाने नांदते, असं ऐकलं.

त्या संध्याकाळी थोरल्या भावांना गाडीवर सोडून आल्यावर मला राहवलं नाही. भाऊजी लेथ पुसत होते. मी विचारलं, "भाऊजी, तुम्हाला खरंच काही वाटत नाही का हो?"

त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, एखाद्या कामाचा असावा तसा. "नाही वाटत," ते म्हणाले. "मी बघतो रोज. सकाळी जाग आली की आधी तेच बघतो, आज वाटतंय का. नाही. हाताला मुंग्या येऊन हात मेल्यासारखा होतो ना, तसं. हात कुठे आहे ते कळतं, एवढंच."

"आणि बाबांना?"

"मामांना मी विचारलं नाही. त्यांनी मला विचारलं नाही. म्हणून तर जमतंय आमचं."

मी दुसरी चिंधी घेतली आणि लेथची दुसरी बाजू पुसायला लागले. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

आता या गोष्टीलाही काही वर्षं झाली. बाबांचा उजवा हात कापतो. रेघ भाऊजी मारतात, करवत भाऊजी चालवतात, आणि बाबा खुर्चीवर बसून चुका काढतात. मधला आडोसा केव्हातरी फळ्या ठेवायला जागा हवी म्हणून काढला. मागच्या थंडीत एका डॉक्टरीणबाईंचं कपाट चाललं होतं. मी डबा घेऊन गेले, तेव्हा दोघांचं मुठींवरून चाललं होतं. खणांना मुठी कसल्या लावायच्या ते गिऱ्हाइकाने यांच्यावर सोडलं होतं.

"स्टीलच्या लावू," बाबा म्हणाले.

"पितळी बऱ्या दिसतील."

"पितळ काळं पडतं. कोण घासत बसणार?"

"ती घासायची," भाऊजी म्हणाले. "आमच्या कपाटाच्या मुठी दर रविवारी घासायची. चिंचेने... नाही, लिंबाने."

मी दारातच थांबले. भाऊजी व्हर्नियर उघडझाप करत होते. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं असावं.

"चिंचेने," बाबा म्हणाले. "तिच्या आईची सवय होती ती. लिंबू तिने कधी वाया घालवलं नसतं."

"लिंबाने घासायची, मामा. मी आणून द्यायचो ना."

"आणि मी तिच्या लहानपणापासून बघितलंय ते काय?"

"लग्नानंतर बदललं असेल."

"बदलणारी होती का ती?"

भाऊजींनी विचार केला. "नव्हती," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून उगाचच फळीवरचा भुसा झटकायला लागले. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि कापऱ्या हाताने डोळे पुसले. कुणी कुणाजवळ गेलं नाही. थोड्या वेळाने बाबांनीच विचारलं, "दर रविवारी?" भाऊजी पाठमोरेच म्हणाले, "चुकवायची नाही." मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि आवाज न करता निघून आले. त्या दिवशी दुकानात मी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे पैसे परत दिले.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी लाकडी मुठी मागितल्या. लेथची बैठक कापडाने झाकून, लोखंडाला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त धार लावलेलं टूल घेऊन भाऊजींनी त्या कातल्या. बाबा शेजारी उभे राहून म्हणत होते, जरा जलद फिरवा, लाकूड आहे ते, घाबरू नका.